पुण्यात अन्ननलिकेचा, जठराचा कॅन्सर ‘कमी’ आहे म्हणजे नक्की काय?

सिंहगड_रोड (धागालेखिका)

गेल्या वर्षी जानेवारीत बाबांना भाकरी गिळताना छातीत अडकल्यासारखं व्हायला लागलं. ते मूळचे वाई तालुक्यातले, १९८४ पासून पुण्यात. आधी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले, मग भाकरी सोडून भातावर आले, मग भातही पातळ करून मागू लागले. घरात आम्ही सगळे एकच म्हणत होतो, पित्त वाढलंय. जवळच्या दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. घेतल्या की बरं वाटायचं, संपल्या की पुन्हा आणायच्या. असे सात महिने गेले. ऑगस्टमध्ये एका नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “पाणी नीट उतरतं का? वजन किती कमी झालं?” आम्ही काट्यावर उभं केलं तेव्हा कळलं, नऊ किलो. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ होती.

केमो, रेडिएशन आणि नंतर ऑपरेशन झालं. बाबा घरी आहेत, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात, संध्याकाळी जिन्यापर्यंत चालून येतात.

धागा काढायचं कारण वेगळं. त्या सकाळी दुर्बिणीच्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो. आत जाणाऱ्या अकरा-बारा जणांपैकी दोघांच्या नातेवाइकांना डॉक्टरांनी बाजूला घेतलं. त्यात आम्ही एक. त्यानंतर मी प्रदेशवार आकडे वाचायला लागले, आणि सगळीकडे हेच की ईशान्य भारतात हे कॅन्सर फार, काश्मीरमध्ये जास्त, आपल्याकडे त्यामानाने कमी. मग त्या बाकावर मी जे पाहिलं ते काय होतं? कुणाला या आकड्यांतलं कळत असेल तर समजावून सांगा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

कोथरूड_डेपो

बाबांना सांभाळा ताई. वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडेही ‘पित्त’ हा एकच शब्द आहे.

आकडेमोड

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आकडे एकत्र आले आहेत, म्हणून गोंधळ होतोय. माझं काम आरोग्याच्या आकडेवारीचं आहे, सविस्तर लिहितो.

पहिला आकडा म्हणजे लोकसंख्येवर आधारित दर. एका ठरलेल्या भागात राहणाऱ्या लोकांपैकी वर्षभरात लाखामागे किती जणांना तो कॅन्सर झाला, हे तो सांगतो. एखाद्या भागात म्हातारी माणसं जास्त असली तर तुलना फसू नये म्हणून वयाचा फरक काढून तो मांडतात. हे काम कॅन्सर नोंदणी कार्यालयं करतात. भारतातली पहिली अशी नोंदणी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली आणि पुण्याची १९७३ मध्ये सुरू झाली. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ आपल्या शहरात कुणीतरी दवाखाने, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळत ही गणती करतंय. फारच थोड्या पुणेकरांना हे माहीत असतं. नोंदणीचा एक साधा पण फार महत्त्वाचा नियम आहे: रुग्ण त्या भागात किमान वर्षभर राहिलेला हवा. तुमचे बाबा १९८४ पासून इथे आहेत, ते पुण्याच्या आकड्यात येतात. पण बीडहून उपचारासाठी आलेला माणूस पुण्यातल्या दवाखान्यात दाखल झाला तरी पुण्याच्या दरात धरायचा नाही.

दुसरा आकडा म्हणजे दुर्बिणीच्या खोलीतलं प्रमाण. शंभर जणांना दुर्बीण घातली, त्यात किती जणांना कॅन्सर निघाला. तुम्ही बाकावर जे पाहिलं ते हे. हे प्रमाण रोग किती आहे यापेक्षा त्या खोलीपर्यंत कोण पोचलं हे जास्त सांगतं. समजा दोन खोल्या आहेत. एका खोलीत आयटीतली पस्तिशी-चाळिशीची माणसं ढेकर आणि जळजळ म्हणून विम्यावर येतात. तिथे हजारात दोन-तीनच निघतील. दुसऱ्या खोलीत तालुक्याच्या गावाहून, गिळणं बंद झाल्यावर, चार ठिकाणी फिरून आलेली माणसं येतात. तिथे हजारात पन्नासही निघतील. दोन्ही खोल्या एकाच शहरात असू शकतात.

यात आणखी एक उलटी गंमत वाटावी अशी, पण अगदी खरी गोष्ट आहे. एखाद्या भागात दुर्बिणी वाढल्या, लोक लवकर यायला लागले, की खोलीतलं प्रमाण कमी होतं आणि सापडणारे एकूण रुग्ण वाढतात. टक्का घसरला म्हणून रोग कमी झाला असं समजायचं नाही.

पर्वती_पायथा

मग ‘इतक्या टक्के दुर्बिणींत कॅन्सर सापडला’ अशा बातम्या निरर्थकच म्हणायच्या का?

आकडेमोड

निरर्थक अजिबात नाही. जिथे लोकसंख्येची नोंदणीच नाही तिथे दुर्बिणीची वही हाच पहिला पुरावा असतो. पूर्व आफ्रिकेत, केनियापासून खाली मलावीपर्यंत, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा पट्टा आहे हे कळायला मोजक्या दवाखान्यांतल्या अशा वह्यांनी फार मदत केली. मलावी आज जगात या कॅन्सरच्या सर्वात वरच्या दरांपैकी एक दाखवतो. केनियाच्या त्या भागात तर अगदी तरुण रुग्णही दिसतात. फक्त दोन दवाखान्यांची प्रमाणं शेजारी ठेवून ‘इथे रोग दुप्पट’ असं म्हणू नये, एवढंच.

शिलाँग_ते_खडकी

मी फौजेत होतो, निवृत्त होऊन खडकीला स्थायिक आहे. मेघालयात तीन वर्षं काढली. तिथे घरी गेलं की पाहुण्याच्या हातात आधी क्वाई देतात. ओली, आंबवलेली सुपारी, पान आणि चुना. आपल्याकडे चहा विचारतात तसं ते. तंबाखू नसला तरी नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या युनिटजवळच्या एका दुकानदाराची बायको आणि भाऊ दोघेही अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. तिथल्या लोकांना हा रोग नव्याने सांगावा लागत नाही, प्रत्येक घराला माहीत आहे.

आकडेमोड

साहेब, तुमचा अनुभव आकड्यांशी तंतोतंत जुळतो. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय नोंदणी अहवालात मेघालयातल्या ईस्ट खासी हिल्स जिल्ह्यात पुरुषांमध्ये अन्ननलिकेचा दर लाखामागे सुमारे ७५ आहे, देशात सर्वाधिक. जठराचा सर्वाधिक दर मिझोराममधल्या आयझॉल जिल्ह्यात, पुरुषांत सुमारे ४४. आयझॉलमध्ये पुरुषांचे सगळे कॅन्सर मिळून दर २६९ आहे, पुण्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. संपूर्ण भारतासाठी जठराचा दर लाखामागे चार-पाच धरतात. त्यावरून आयझॉल किती वर आहे ते बघा.

मिझोराममध्ये धुरावर सुकवलेलं मांस, खारवलेले पदार्थ, भरपूर विडी-सिगारेट आणि ‘तुइबुर’ नावाचं तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, हे सगळं एकत्र येतं. काश्मीरमध्ये नून चाय म्हणजे मीठ घातलेला चहा, हुक्का आणि सुकवलेल्या भाज्या यांचा अभ्यास झालाय. गरम चहाचं म्हणाल तर इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५०,००० लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ६० अंशांपेक्षा गरम चहा रोज ७०० मिलीलिटरहून जास्त पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त दिसला. उत्तर इराणपासून मध्य आशियामार्गे उत्तर चीनपर्यंतचा पट्टा या रोगासाठी प्रसिद्धच आहे.

बार्शीकर

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आमच्या बार्शीत १९८७ मध्ये सुरू झाली. खेड्यात लोक दवाखान्यात येतच नव्हते, तर मोजणार कुणाला? मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, सभा घेतल्या, लक्षणं सांगितली, रुग्णाला घेऊन दवाखान्यात आले. मोजणाऱ्यांनीच आधी लोकांना तपासणीपर्यंत आणलं, तेव्हा कुठे मोजता आलं. त्यातून गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडायला लागले.

आता वर दिलेल्या त्याच अहवालात सगळे कॅन्सर मिळून देशातला सर्वात कमी दर कुठला आहे माहितीय? उस्मानाबाद आणि बीड. पुरुषांत ३९.५, बायकांत ४९.४. उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, आमच्या शेजारचं. हा आकडा बघून मला आनंद होत नाही. तिथल्या माणसांना खरंच कमी होतो असंही असेल, आहार साधा आहे, ज्वारी-बाजरी आहे. पण ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून जाणाऱ्या बाईच्या घशाखाली घास उतरेनासा झाला, तर ती दुर्बिणीपर्यंत कधी आणि कशी पोचणार? आकडा कमी आहे म्हणून तिला कुणी विसरू नये.

आकडेमोड

बार्शीकर, तुमचं म्हणणं मान्य. नोंदणीवाले मृत्यूच्या दाखल्यांशी पडताळणी करतात, त्यामुळे निदान न होता गेलेली काही माणसं सापडतात. पण दाखल्यावर ‘वार्धक्य’ किंवा ‘अशक्तपणा’ लिहिलं असेल तर तो रुग्ण कायमचा हरवतो.

खोली_क्र_३_सिस्टर

मी पुण्यात एका दवाखान्यात एंडोस्कोपीत एकवीस वर्षं काम करतेय. आकड्यांचं मला जास्त कळत नाही, पण फॉर्म मी भरते.

फॉर्मवर ‘तंबाखू’ असा रकाना असतो. जुन्नर, खेड, मावळ, भोरकडच्या साठीच्या आजीबाई येतात. विचारलं, “तंबाखू खाता का आजी?” की लगेच “नाय गं बाय.” सोबतचा मुलगाही नाही म्हणतो. आधी मी तसंच लिहायची. मग एकदा एका आजींच्या हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, “मशेरी लावता का?” म्हणाल्या, “ती व्हय, ती तर लग्नाच्या आधीपास्नं.” मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण त्यांच्या लेखी तो दात घासायचा, तंबाखू नव्हे. तेव्हापासून मी तीन वेगळे प्रश्न विचारते: तंबाखू, मशेरी, सुपारी. आणि गुटखा. २०१२ मध्ये राज्यात बंदी आली तरी विचारावंच लागतं. या एका प्रश्नाने किती फॉर्म बदलले असतील सांगता येत नाही.

दुसरं मूळव्याधीचं. शौचातून रक्त पडतं म्हणून दोन-दोन वर्षं मूळव्याधीचं औषध घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी बोट घालून तपासलेलंसुद्धा नसतं. बायका तर लाजेने सांगतच नाहीत. गुदाशयातली गाठ कित्येकदा बोटाला लागते. त्याला दुर्बीणही लागत नाही.

कोथरूड_डेपो

सिस्टर, ही मशेरीची गोष्ट सगळ्या दवाखान्यांपर्यंत पोचायला हवी. आईला आत्ताच विचारलं. तिची मोठी बहीण लावते म्हणाली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

चाळीशी_पार

माझा साधा प्रश्न. कोरियात चाळिशीनंतर सरकारच दर दोन वर्षांनी दुर्बीण घालतं असं वाचलं. जपानमध्येही आहे. मी ४४ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, काही त्रास नाही. मीही करून घ्यावी का? विम्यात बसते.

पोटविकार_डॉक्टर

मी पुण्यात या विषयात प्रॅक्टिस करतो. उत्तर देतो, पण हे तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी धरू नका.

कोरिया आणि जपानमध्ये जठराच्या कॅन्सरचा दर लाखामागे पंचवीसच्या वर आहे, आपल्या पाच-सहापट. जपानने आधी बेरियमचे एक्स-रे वापरून लोकांची तपासणी केली. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० वर्षांपुढे दुर्बिणीची शिफारस आली. कोरियात ४० पासून दर दोन वर्षांनी करतात आणि तिथे जठराच्या कॅन्सरचे तीन चतुर्थांशाहून जास्त रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात, कारण बहुतेक गाठी वरच्या थरातच असताना सापडतात. पण त्या देशातही सरकारी तपासणीच्या सुरुवातीच्या वर्षांत हजार दुर्बिणींमागे दोन-तीनच कॅन्सर सापडले. तोच कार्यक्रम पुण्यात केला तर एका रुग्णासाठी कित्येक हजार निरोगी माणसांना दुर्बीण घालावी लागेल, आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांची रांग लांबेल. म्हणून लक्षण नाही, घरात कुणाला नाही, तर चाळिशीला जठराची दुर्बीण मी सुचवत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, पचनमार्गाची नाही, त्यामागे हाच हिशोब आहे.

मोठ्या आतड्याचंही तसंच. डेन्मार्कमध्ये लाखामागे ४० च्या वर, भारतात पाचच्या आसपास. अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, ते त्यांच्या दरासाठी. मात्र आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तुम्ही ‘काही त्रास नाही’ या गटात नाही. त्यांनी जरूर येऊन बोलावं.

आता सिंहगड रोडच्या ताईंसाठी. प्रदेशाचा कमी दर हा निरोगी माणसाला दुर्बीण घालायची की नाही, हे ठरवायला उपयोगी आहे. घास अडकणाऱ्या माणसाला त्याचा काहीही उपयोग नाही. गिळायला त्रास, वजन उतरणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, सतत उलट्या, कारण न सापडणारी रक्तातली लोहाची कमतरता, किंवा पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं ‘पित्त’, यांपैकी काही असेल तर माणूस शिलाँगचा आहे की सदाशिव पेठेतला हे बघायचं नाही. दुर्बीण घालायची. पित्ताच्या गोळीने गाठीवरचा व्रणसुद्धा काही काळ बरा दिसू शकतो. म्हणून गोळीने बरं वाटलं, हा कॅन्सर नसल्याचा पुरावा नव्हे. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी सहा-सात महिने उशिरा येतं. त्याचा मला फार त्रास होतो.

पर्वती_पायथा

डॉक्टर, जठरातल्या त्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूचं काय? माझ्या रिपोर्टवर ‘पायलोरी पॉझिटिव्ह’ आलं होतं आणि मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

पोटविकार_डॉक्टर

१९९४ मध्ये हा जिवाणू कॅन्सरकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात टाकला गेला, त्यामुळे भीती वाटणं समजू शकतो. पण भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात तो असतो आणि तरीही आपल्याकडे जठराचा कॅन्सर कमी आहे. या कोड्यावर आमच्या क्षेत्रात बरंच लिहिलं गेलंय. जिवाणूचा वाण, मीठ, आहार, माणसाची प्रतिकारशक्ती, सगळ्यांचा काही ना काही वाटा असावा. तुम्ही गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, मधे सोडू नका, आणि नंतर तो गेला का ते तपासून घ्या. कॅन्सर झाला असा त्या रिपोर्टचा अर्थ नाही.

आणखी एक, कारण वर पित्ताशयाचा उल्लेख राहिला. बिहार, उत्तर प्रदेश, दिल्ली, आसाम इथे पित्ताशयाचा कॅन्सर बराच आहे. तो नेहमीच्या दुर्बिणीत दिसत नाही, त्याला सोनोग्राफी लागते. बांधकामावर, हॉटेलांत काम करणारी तिकडची कितीतरी माणसं आज पुण्यात राहतात. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून आलेल्या माणसाचं मूळ गाव मी विचारतो ते यासाठी.

सिंहगड_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचला हा धागा. बाबांनाही वाचून दाखवला. बार्शीकरांचा प्रतिसाद ऐकताना ते म्हणाले, “गावाकडं किसनतात्या असाच गेला. खाणं सुटलं, वाळत गेला. कुणी दुर्बीण घातली नाही.” किसनतात्या कुठल्याच आकड्यात नसणार.

सिस्टर, तुमची मशेरी वाचून मी वाईला आत्याला फोन केला. वय ६६. गेले दोन महिने जेवण कमी झालंय, “पित्तच आहे गं” म्हणते. मशेरी दिवसातून दोनदा. भावाला पाठवून तिला पुण्यात आणतेय. पित्ताची गोळी चालू आहे तिला, ती बंद करायची का?

पोटविकार_डॉक्टर

जिवाणूची जलद तपासणी नीट यावी म्हणून एरवी ती गोळी दोन आठवडे आधी थांबवतात. पण जेवण कमी झालंय आणि वजन उतरत असेल तर त्यासाठी दुर्बीण दोन आठवडे पुढे ढकलू नका. आधी दुर्बीण, गरज पडली तर तुकडा घेता येतो.

खोली_क्र_३_सिस्टर

रात्री हलकं जेवण, त्यानंतर काही नाही. सकाळी उपाशी आणा. रक्तदाबाची गोळी असेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगा. कवळी असेल तर काढायला लागेल. घशात बधिर करायचं औषध मारतात, थोडं कडू लागतं, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या घाबरणार नाहीत. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. हात धरायला मी असते तशी तिथेही कुणीतरी असेल.

सिंहगड_रोड

आज झाली. अन्ननलिका स्वच्छ आहे. जठराच्या खालच्या भागात सूज, पायलोरीसाठी तुकडा घेतलाय, रिपोर्ट शुक्रवारी. आत जाण्याआधी तिथल्या सिस्टरने फॉर्म भरताना फक्त “तंबाखू?” विचारलं. आत्या म्हणाली, नाही. मी म्हटलं, मशेरी लिहा. त्यांनी पेन थांबवलं, आत्याकडे बघितलं आणि रकान्यात लिहिलं: मशेरी, ४५ वर्षं, रोज दोनदा.

खोली_क्र_३_सिस्टर

बरं झालं. डबी त्यांच्या पिशवीतून काढून घेतली का?

सिंहगड_रोड

घेतली. रडली थोडी. बाबा तिच्याजवळ बसलेत, दोघंही पेज पितायत.